अल्बमवर भांडा, पण एखादं गाणं आपल्या तालुक्याचंही होऊ द्या

आसनगावहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये गाण्यावर जीव असणारे दोन घोळके असतात. एक भजनी मंडळाचा. टाळ, मृदंग, खिडकीला अडकवलेला विठोबाचा फोटो, आणि वाशिंद यायच्या आत रंगात आलेला अभंग. दुसरा दाराजवळचा, विशी-पंचविशीतल्या पोरांचा. कानात एकाचा एक, दुसऱ्याचा एक असे वाटून घेतलेले इयरबड्स, आणि तोंडाने चालू असलेलं भांडण. रेडिओहेडचा 'ओके कंप्युटर' मोठा की 'किड ए'? निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय का? प्रतीक कुहाडची गाणी हळवी आहेत की नुसती रडकी? ही पोरं शहापूर, किन्हवली, खर्डी भागातली. एखादा मुरबाडहून दुचाकी हाणत स्टेशनला आलेला. कोणी भिवंडीच्या गोदामात हिशेब बघतो, कोणी ठाण्यात कॉम्प्युटरवर बसतो.

मला हे भांडण ऐकायला आवडतं. आसनगाव ते दादर दीड तासाच्या वरचा प्रवास, म्हणजे दोन अल्बम सलग ऐकून होतात. रील्सच्या जमान्यात पंधरा सेकंदांच्या पुढे गाणं ऐकायला कुणाला वेळ नाही असं आपण म्हणतो, आणि इथे ही पोरं पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने ऐकतात आणि 'सातवं गाणं तिथे नको होतं' यावर हमरीतुमरीवर येतात. याला रसिक म्हणतात. पण परवा त्यातला एकजण म्हणाला, 'मराठीत असलं काही नाहीच यार.' बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि समोर बसलेले एक काका, रिटायरमेंटला आलेले, ते पुटपुटले, 'असलं ढणढण मराठीत नाही तेच बरंय.'

दोघांशीही माझं पटत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी काकांचं. 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणजे नुसता आवाज नव्हे. अमेरिकेत १९८०च्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत गाण्यांना कंटाळलेली पोरं स्वतःचे बँड काढायची, छोट्या लेबलांवर रेकॉर्ड काढायची, कॉलेजांच्या रेडिओवर ती वाजायची. त्यातून ते नाव आलं. निर्वाणाचा कर्ट कोबेन कुठला? न्यूयॉर्कचा नाही, लॉस एंजेलिसचाही नाही. सिएटलपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास ॲबर्डीन नावाचं लाकूडतोडीवर जगणारं गाव, तिथला. धंदा बसत चाललेला, पाऊस सतत, पोरांना करायला काही नाही. त्यांचा पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ला आला, त्याच्या रेकॉर्डिंगचा खर्च ६०६ डॉलर. आणि १९९१च्या 'नेव्हरमाइंड'ने जानेवारी १९९२मध्ये अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनला पहिल्या नंबरवरून खाली उतरवलं. मोठ्या शहराच्या बाजूला असलेल्या, कुणी विचारत नसलेल्या गावातल्या पोरांचा हा आवाज आहे. काका, शहापूरकरांना हे कळायला जड जाऊ नये.

आता पोरांचं. मराठीत नाही म्हणता? जो स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः उभा राहून गातो, त्याला इंग्रजीत सिंगर-साँगरायटर म्हणतात. तुम्ही ज्या लोकलमध्ये बसून हे बोलताय ती कसाऱ्याला थांबते. तिथून घाट चढून गेलं की पलीकडे सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे. १९२२ साली तिथे वामनदादा कर्डक जन्मले. मुंबईत मजुरी केली, मोठेपणी अक्षरओळख शिकले, आणि मग बाबासाहेबांवर, समतेवर, भाकरीवर हजारोंनी गाणी लिहिली. लिहिली आणि गावोगाव फिरून गायली. २००४ला गेले. त्यांचा ना अल्बमचा तयार सेट, ना मुखपृष्ठाची कलाकुसर. पण आपल्या भागातल्या कुठल्याही बुद्धवाड्यात एप्रिल महिन्यात जा, शब्द पाठ असणारी माणसं भेटतील. बॉब डिलनला २०१६ला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा 'गाण्याला साहित्य म्हणायचं का' यावर जगभर वाद झाला. आपल्याकडे तो वाद व्हायचं कारणच नव्हतं. अण्णाभाऊ, अमर शेख, वामनदादा हे सगळे असताना कसला वाद?

आणखी मागे जायचं तर तुकोबा आहेतच. दुकान बसलं, दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली, हे सगळं त्यांनी स्वतःच्या नावानिशी अभंगात आणलं आहे. स्वतःच्या दिवाळखोरीवर गाणं लिहिणारा माणूस! 'स्वतःची जखम उघडी करून गाणं' हे ज्यांना परदेशी वाटतं त्यांनी गाथा पुन्हा उघडावी. हल्ली अभंग रिपोस्ट नावाची पोरं संतांचे अभंग गिटार, बास, तबला घेऊन गातात. मला आवडतात. भजनी मंडळातल्या एकदोघांना ऐकवलं तर त्यांनाही आवडलं, फक्त 'आवाज जरा बारीक कर' म्हणाले. पण एक गोष्ट खटकते. वाद्यं नवी, शब्द मात्र शेकडो वर्षांपूर्वीचे. तुकोबांनी तुकोबांचं दुःख गायलं. आपलं कोण गाणार?

माझ्या पिढीचा हिशेबही इथेच मांडतो. 'गारवा'ची कॅसेट आली तेव्हा मी कॉलेजात होतो. १९९८ साल. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेंची चाल आणि गळा, आणि गाण्याआधी सौमित्रच्या आवाजात बोललेल्या ओळी. कॅसेट कल्याणहून आणलेली, लोडशेडिंगमुळे टेप सेलवर चालायचा, आणि सेल उतरले की मिलिंद इंगळे एकदम खर्जात जायचे. तोपर्यंत मराठी गाणं म्हटलं की एक तर सिनेमाचं, नाही तर रेडिओवरचं भावगीत. 'गारवा' ही पहिली गोष्ट होती जी एका बाजूला सुरू करून उलटीपर्यंत ऐकावी लागायची, मधलं गाणं काढलं तर पाऊसच अर्धा राहायचा. मग संदीप खरे आणि सलील कुलकर्णी आले. २००३पासून 'आयुष्यावर बोलू काही'चे कार्यक्रम सुरू झाले, तिकीट काढून लोक नुसती गाणी आणि कविता ऐकायला बसायला लागले. त्याच सुमाराला अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत 'ऐका दाजिबा'ने लग्नाच्या वरातीत शिरले. हे सगळं चांगलंच झालं.

तरी सांगतो, 'गारवा'तला पाऊस आमच्याकडचा नव्हता. तो खिडकीतून बघायचा पाऊस होता. आमच्याकडचा पाऊस गुडघाभर चिखलात आवणी करायचा असतो. संदीप खरेंच्या गाण्यातला नोकरदार माणूस मला आवडतो, पण तो पुण्यात राहतो. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. त्यांनी त्यांचं गायलं, आपलं आपण गायलं नाही.

सफ्यान स्टीव्हन्स नावाचा एक अमेरिकन गवई आहे. त्याने २००३ला मिशिगन राज्यावर एक अख्खा अल्बम काढला, २००५ला इलिनॉयवर. पन्नास राज्यांचे पन्नास करणार असं सांगून टाकलं होतं, दोनवर गाडी थांबली, ते सोडा. पण त्या 'इलिनॉय'मध्ये तिथली छोटी छोटी गावं आहेत, तिथला इतिहास आहे, एक कुप्रसिद्ध खुनीसुद्धा आहे. ती गावं आपण आयुष्यात बघणार नाही. तरी लोकलमधली आपली पोरं त्यांची नावं सांगतात. डेकेटर माहीत, जॅक्सनव्हिल माहीत. मी एकाला विचारलं, बाबा रे, डोळखांबवर एखादं गाणं माहितीये? हसला.

विषयाची काय कमी आहे? तानसा धरण १८९२चं. भातसा नंतरचं, आणि आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि मार्च संपला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर हंडे रांगेत लागतात, टँकरची वाट बघत. मी ही बातमी वीस वर्षं करतोय. दरवर्षी फोटो नवा, मजकूर तोच, खरं तर जुनी कात्रणं काढून तारीख बदलली तरी चालेल. लोक वाचतात आणि पान उलटतात. बातमीने जे झालं नाही ते गाण्याने होईल असा माझा भाबडा समज नाही. पण बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. गाणं लोकांच्या तोंडात राहतं, आणि निवडणुकीच्या सभेत पुढाऱ्याच्या समोर कुणीतरी ते गुणगुणतं, ती चीज वेगळी.

आणखी? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर निघतात, पोरांची शाळा तिथेच सुटते. समृद्धीत जमीन गेली, पैसे आले, दारात मोठी गाडी उभी राहिली, आणि आता त्या गाडीतून जायला स्वतःचं शेतच उरलं नाही. मुरबाडला रेल्वे येणार येणार म्हणत एक पिढी म्हातारी झाली. कसारा लोकल चुकली की पुढचा अख्खा दिवस चुकतो. गोदामातली रात्रपाळी आहे. लग्नाला मुलगी मिळत नाही म्हणून झुरणारा एकुलता एक शेतकरी पोरगा आहे. हे सगळे विषय अल्टरनेटिव्ह नाहीत तर काय आहेत?

आणि जवळ कुणी केलंच नाही असंही नाही. मुंबईतल्या स्वदेसी या रॅप करणाऱ्या पोरांनी २०१९ला 'द वारली रिव्हॉल्ट' केलं. त्यात आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर गायले. आदिवासी चाल, खाली आजचा ठेका, आणि विषय जंगल-जमिनीचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत रातोरात झाडं पडली. आरे मुंबईत आहे, म्हणून कॅमेरे पोचले. आपल्याकडे ठाकरवाड्यांवर ढोलनाच, गौरीचा नाच, कांबडनाच आहेत, आगरी-कुणबी घरांत म्हाताऱ्यांना लग्नाचे धवले पाठ आहेत. एवढा खजिना असताना पोरं चाल शोधायला यूट्यूबवर अमेरिकेला जातात.

आता खरं दुखणं. डोळखांब पट्ट्यातला एक पोरगा आहे, नाव मुद्दाम देत नाही. आयटीआय झालेला, कंपनीत कंत्राटी. गिटार जुनी, एक तार नेहमी उतरलेली. त्याच्या फोनमध्ये त्याची स्वतःची पाच गाणी आहेत. एक टँकरची वाट बघणाऱ्या आईवर. त्यात टँकर येत नाही, एवढीच गोष्ट आहे. तीन कडवी, आणि प्रत्येक कडव्यात सूर्य थोडा वर सरकतो. मी त्याला म्हटलं, शेवटी काहीतरी जोरदार घे, प्रशासनाला सुनाव. तो म्हणाला, 'दादा, आई काय सुनावत नाय. ती हंडा उलटा करून त्याच्यावर बसते.' मी गप्प बसलो. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गेल्या गणपतीत एका मंडळाने त्याला 'ये, गा' म्हणून बोलावलं. साडेआठची वेळ दिली. तोपर्यंत पाहुण्यांचे सत्कार चालले. शाल, श्रीफळ, फोटो. साडेनऊला त्याच्या हातात माईक आला, दुसरं गाणं सुरू झालं आणि कुणीतरी येऊन सांगितलं, दहाला स्पीकर बंद करायचाय, त्याच्या आधी पोरांना थोडं नाचू दे. दहाचा नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्काराला तास आणि गाण्याला दहा मिनिटं, ही विभागणी कुणी केली?

हळदीच्या रात्री डीजेवर आपल्या भागात किती उधळलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे, आकडा सांगायची गरज नाही. कर्ज काढून लावतात. मी डीजेचा दुश्मन नाही. हळदीला नाचायचं नाही तर कधी नाचायचं? बेंजोवर मीही नाचलोय, पुरावे आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्याच मांडवात, त्याच स्पीकरवर, जेवणं चालू असताना अर्धा तास गावातल्या लिहिणाऱ्या पोराला किंवा पोरीला द्यायला काय जातं? पोरीला मुद्दाम म्हणतोय. लिहिणाऱ्या मुली मला जास्त भेटतात, स्टेजवर मात्र एकही दिसत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात रेकॉर्ड डान्सचे वीस नंबर असतात, स्वतः रचलेल्या गाण्याचा एकही नसतो. स्पर्धेच्या नियमातच 'स्वरचित' हा प्रकार नाही, मग पोरं लिहितील कशाला?

जागेचा प्रश्न मुंबईलाही चुकला नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, देशभरातले बँड तिथे यायचे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ते उघडं नाट्यगृह गप्प झालं. मोठ्या शहराला दुसऱ्या जागा सापडतात. आपल्याला पहिलीच शोधायची आहे. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे नगरपंचायत आहे. बागेत कोपऱ्यावर एक चौथरा, दोन लाइटी, एक विजेचा पॉइंट, आणि महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी सहा ते आठ कुणालाही गायची मोकळीक. याला टेंडर काढायला लागत नाही. काढलंच तर बातमी मी करीनच.

पोरांनाही थोडं सुनावतो. 'स्टुडिओ नाही' हे कारण मला सांगू नका. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ला 'नेब्रास्का' घरात बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला. नंतर बँड घेऊन तीच गाणी पुन्हा करून बघितली, मजा येईना, शेवटी ती घरची कॅसेटच अल्बम म्हणून बाजारात आणली. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्या मशिनीपेक्षा जास्त ट्रॅक आहेत. निक ड्रेकचा 'पिंक मून' १९७२चा, दोन रात्रींत रेकॉर्ड झालेला, अर्ध्या तासाच्या आतला. गिटार, आवाज, आणि एका जागी थोडा पियानो. त्या वेळी कुणी घेतला नाही, आज तुम्हीच त्याच्यावर शपथा घेता.

आणि दुसरं, कुणाच्या चॅनलला गाणं द्याल तर कागद वाचून सही करा. 'सगळे हक्क आमचे' असं छापलेलं असतं. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतला समान वाटा मिळतो, आणि तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला होता. पाच हजारांच्या रोखीसमोर हे कुणाला आठवत नाही, म्हणून आठवण करून दिली.

ऐकणाऱ्यांसाठीही काम आहे. स्पॉटिफायचा २०२४पासूनचा नियम असा की बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा तरी ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच मोजले जात नाहीत. हजार! आपल्या एका कॉलेजातल्या पोरांनी मनावर घेतलं तर आठवड्याचं काम. पैसे त्यातून चहापुरते मिळतील, पण शून्य आणि चहा यात फरक आहे. 'किड ए'वर जेवढं भांडता तेवढं या गाण्यांवरही भांडा. वाईट असेल तर वाईट म्हणा. 'आपल्या गावचा आहे, लाइक करून टाक' असली दया नको. दुसऱ्या कडव्यात यमकासाठी ओढून आणलेला शब्द दिसला तर तोंडावर सांगा. डोळखांबच्या त्या पोराला शाल-श्रीफळ नकोय, त्याचं चौथं गाणं लांबलंय हे सांगणारा माणूस हवाय. मी सांगितलं, त्याला पटलं नाही. तुम्ही सांगून बघा.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. बैलबाजार, पाळणे, घोंगड्या, तमाशा, सगळं असतं. यात्रेच्या दिवसांत एका संध्याकाळी तासभर अशा चार-पाच पोरापोरींना बसवायला जागा देणारं कुणी असेल, मुरबाड-सरळगाव भागातलं मंडळ, दुकानदार, कुणीही, तर मला फोन करा. माईक आणि दोन बॉक्सची सोय आम्ही पत्रकार मित्र मिळून करतो. वीज मात्र तुमची लागेल. आणि सत्कार नको, सुरुवातीलाच सांगून ठेवतो.